इथपर्यंत पास

मी एक जुना आर्म आहे. मित्रांनो, आर्म म्हणजे काय हे ठाऊक नसेल तर लाजू नका. ज्या कारखान्यात मी राहतो तिथल्या निम्म्या लोकांनाही ते धड सांगता यायचं नाही. रिमोटवर पळणारी खेळण्यातली मोटार तुम्ही पाहिली असेल. ती उलटी करून बघा. पुढची दोन चाकं ज्या दोन काळ्या, चपट्या, बोटभर लांबीच्या तुकड्यांनी गाडीच्या पोटाशी धरलेली असतात, ते आर्म. गाडी पायरीवरून पडली, दगडावरून उडाली, भिंतीवर जाऊन आदळली की पहिला मार आम्ही खातो. नाव मात्र होतं मोटरचं आणि बॅटरीचं.

हे सगळं मी ऐकीव सांगतो आहे. मी स्वतः कधी कुठल्या गाडीत बसलो नाही, रस्ता पाहिला नाही, मार खाल्ला नाही. अकरा वर्षं मी भिंतीवरच्या एका फळ्यावर दोरीला लोंबकळत काढली. एवढी वर्षं एका जागी राहिलेल्याकडे सांगण्यासारखं काय असणार, असं तुम्हाला वाटेल. पण माझ्यामुळे एका बाईचं नाव जायची वेळ आली होती आणि मी ते नुसतं बघत होतो. म्हणून सांगतो.

माझा जन्म मुद्दाम बिघडवून झाला. आमच्याकडे प्लास्टिकचे काळे दाणे वितळवतात आणि तो रस जोर लावून लोखंडी साच्यात भरतात. आर्मच्या एका टोकाला पिन घालायला गोल भोक असतं. साच्यात त्या जागी लोखंडी काडी उभी असते. रस तिथे आला की दोन वाटांनी फुटतो, काडीला वळसा घालतो आणि पलीकडे पुन्हा एकत्र येतो. दोघे भाऊ भांडून वेगळे झाले आणि पुढे जाऊन गळ्यात गळे घातले, तरी मधे थोडी रेघ राहतेच. तशी तिथेही राहते. साचा चांगला गरम असला तर ती रेघ जवळजवळ दिसत नाही आणि जोड पक्का होतो. साचा थंड असला तर दोन्हीकडचा रस एकमेकांना नुसता टेकतो. असा आर्म दिसायला धडधाकट असतो, पण पहिल्याच ठेचेला रेघेवर मोडतो.

मग रेघ किती असली तर चालेल आणि किती असली तर नाही, हे कोणी ठरवायचं? आमच्याकडे ते साचेकाकांनी ठरवलं. साचेकाका म्हणजे साच्यांची देखभाल करणारे कारागीर. तेव्हाच त्यांचे केस पिकलेले होते. माणसांशी ते तुटक बोलत, साच्याशी मात्र भरभरून. एक दिवस त्यांनी आर्मचा साचा पायरीपायरीने थंड करत नेला. दर पायरीला चार आर्म एकाच फांदीवर जुळलेले बाहेर पडत. त्यांतले दोन काका आकड्याला टांगत आणि खाली वजन लावत. टिकले की साचा आणखी जरासा थंड करायचा. असं करता करता आमची पायरी आली. आम्ही चौघे होतो. दोघांना वजन लावलं, ते कुरकुरले पण टिकले. आमच्या पुढच्या पायरीचा पहिलाच आर्म वजन लावताक्षणी कटकन मोडला. काकांनी आम्हा उरलेल्या दोघांना उचललं, उजेडात धरलं आणि म्हणाले, "हे शेवटचे चांगले."

झालं. माझं नशीब तिथेच ठरलं. ज्यांनी वजन सोसलं त्या दोघा भावांचा चुरा झाला. आम्हा दोघांच्या गळ्यात पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्या बांधल्या गेल्या. त्यांवर तेव्हाच्या साहेबांनी लिहिलं, 'इथपर्यंत पास', आणि खाली सही केली. माझ्या भावाला पाकिटात घालून, पाकीट चिकटवून काकांच्या कपाटात ठेवलं. नमुना कधी हरवलाच तर दुसरा असावा, म्हणून. मला तपासणीच्या टेबलावरच्या फळ्याला टांगलं. भावाचा निरोप घ्यायला मिळाला नाही. त्याला पाकिटात घालताना माझं तोंड भिंतीकडे होतं.

माझं काम सोपं होतं. साच्यातून निघालेला प्रत्येक आर्म माझ्याशी ताडून बघायचा. त्याची रेघ माझ्यापेक्षा बारीक असली किंवा माझ्याएवढी असली तर तो पास. ठळक असली तर बाद. पास झालेले खोक्यात जात, खोकी गाडीत, आणि गाडी फाटकाबाहेर. बाद झालेले पिंपात जात आणि पिंप चुरा करायच्या मशीनकडे. मला मात्र दोन्हीकडची वाट बंद होती. चांगल्यांमध्ये सगळ्यात वाईट आणि वाईटांना सगळ्यात जवळचा, अशी माझी ओळख. ना घरचा ना घाटचा म्हणतात ना, तसा. माझ्यासमोरून लाखोंनी भाऊबंद गेले. एकही माझ्याजवळ थांबला नाही.

थांबायची फक्त मावशी. ती तपासणी करणारी बाई. कामाला लागली तेव्हा तिशीतही नव्हती, पण पहिल्याच आठवड्यात कोणीतरी तिला मावशी म्हटलं आणि मग सगळा कारखाना म्हणायला लागला. तिच्याहून पंधरा वर्षांनी मोठे असलेले मालकसुद्धा "मावशी, जरा इकडे या" म्हणत. आपण नेमक्या कोणाच्या मावशी, हे विचारायला तिला कधी सवड मिळाली नाही.

तिच्या उजव्या अंगठ्याचं नख ती जरा वाढवून, कानशीने सरळ घासून ठेवायची. बाकीची नऊ बारीक कापलेली. त्या एका नखाने ती रेघ जोखायची. नख माझ्यावरून सरकतं तसं सरकलं तर ठीक, त्याहून जास्त अडकलं तर बाद. घरी तिची मुलगी त्यावरून तिला चिडवायची. म्हणायची, "आई, तुझं एक नख नोकरी करतं आणि नऊ नखं बसून खातात." हे मावशी स्वतःच शेजारच्या टेबलावर सांगत असे आणि सांगताना हसत असे.

सकाळी पाळी सुरू झाली की ती आधी मला फळ्यावरून काढायची. फडक्याने पुसायची. खिडकीकडे तोंड करून रेघ बघायची, एकदा नख फिरवायची, मग मला परत टांगून कामाला बसायची. दुसरीकडे म्हणे शितावरून भाताची परीक्षा करतात, शंभरातला एखादा नग उचलून बघतात. मावशी प्रत्येक शीत बघायची. मोजून सांगतो, तिच्या हातात मी दिवसाला मिनिटभर असायचो. उरलेल्या वेळात मी त्या मिनिटाची वाट बघायचो. मित्रांनो, हे सांगताना मला लाज वाटत नाही. एकट्याला वाट बघायला काहीतरी लागतं.

कौतुकही झालं माझं. गाड्या जुळवणाऱ्या कंपनीची माणसं एकदा आली होती. त्यांनी विचारलं, "तुमच्याकडचे आर्म मोडत कसे नाहीत?" तेव्हा साहेबांनी माझ्याकडे बोट दाखवलं. त्या माणसांनी मला हातात घेऊन मान डोलावली. पुढे त्यांनी एक तयार गाडी भेट म्हणून पाठवली, लाल रंगाची. जेवणाच्या सुट्टीत मशीनवाल्याने ती जमिनीवर सोडली. मशीनवाला चांगला चाळिशीचा, दोन पोरांचा बाप, पण त्या दिवशी त्याच्या हातातून रिमोट कोणाला मिळेना. गाडी टेबलाखालून गेली, पिंपाला धडकली, उलटी झाली, पुन्हा पळाली. सगळे टाळ्या वाजवत होते. तिच्या पुढच्या चाकांना माझेच दोन भाऊ होते. मला ते दिसले नाहीत. मी फळ्यावर होतो आणि टेबल मधे येत होतं. मला दिसला फक्त गाडीच्या अँटेनाच्या तारेचा शेंडा, टेबलाच्या कडेने इकडून तिकडे जाणारा. तेवढंच मी अकरा वर्षांत गाडी म्हणून पाहिलं.

आता चूक सांगतो. कोणाची ते तुम्ही ठरवा.

तपासणीचं काम किचकट. दिवसभर काळ्या तुकड्यावरची काळी रेघ शोधायची. माणसं टिकत नसत. दर महिन्याला दोनतीन नवी यायची आणि त्यांना शिकवायचं काम मावशीकडे. मावशी मला त्यांच्या हातात द्यायची आणि विचारायची, "रेघ दिसते का?" ते मला उलटसुलट करायचे, डोळे बारीक करायचे आणि म्हणायचे, "नाही बुवा." खरंच दिसत नसे. माझी रेघ केसाहून बारीक होती. मग मावशी मला दोन्ही अंगठ्यांमधे धरून जरासं वाकवायची. वाकवलं की रेघ उघडायची, पांढुरकी दिसायची. "ही बघ," ती म्हणायची, "दिसली? आता सोडते. बघ, गेली. पण ती तिथे आहे, हे डोक्यात ठेव." नव्या माणसाचा चेहरा उजळायचा. आठवडाभर रोज सकाळी हा पाठ चालायचा, आणि मग महिन्याभराने नवं माणूस.

तिच्या शिकवण्यात माया होती. दुसरा कोणी असता तर "डोळे उघडे ठेव" म्हणून मोकळा झाला असता. मावशीने असं कोणालाही ओरडून शिकवलं नाही. आणि खरं सांगायचं तर मलाही ते आवडायचं. एरवीच्या मिनिटाच्या जागी पाचदहा मिनिटं मिळायची. तिचे अंगठे गरम असायचे. दुखायचं, पण त्या दुखण्याला सोबत होती.

प्लास्टिक काही विसरत नाही, मित्रांनो. एकदा वाकवलेला तुकडा सरळ होतो खरा, पण पूर्वीसारखा होत नाही. माझी रेघ दर वेळी उघडायची आणि मिटताना जरा कमी मिटायची. एका दिवसात कळणार नाही इतकी कमी. वर्षात कळणार नाही. अकरा वर्षांत मात्र मी तो राहिलो नव्हतो. मावशी मला रोज बघत होती आणि रोज बघणाऱ्यालाच असलं काही कळत नाही. तुमच्या आईलाही तुम्ही वाढलेले कळत नाही, ते पाहुण्यांनाच कळतं, आणि शेवटच्या दीडदोन वर्षांत आमच्या टेबलाकडे नवं माणूस आलंच नव्हतं.

तरीही काही बिघडलं नसतं. पण त्याच सुमाराला साच्याला गरम ठेवणाऱ्या नळ्यांत गाळ धरू लागला. साचा थोडा थोडा थंड पडू लागला आणि आर्मच्या रेघा ठळक येऊ लागल्या. पहिल्या वर्षीच्या माझ्याशी ताडल्या असत्या तर मावशीने ते नग डोळे मिटून बाद केले असते. तिला त्या रेघा जरा जास्त वाटल्याही. एक नग घेऊन ती माझ्याकडे आली. त्याच्यावरून नख फिरवलं, माझ्यावरून फिरवलं. दोन्हीकडे सारखंच. तिने पुन्हा फिरवलं. मग तो नग खोक्यात टाकला. पास. मला ओरडावंसं वाटत होतं. ज्याला राखणीला ठेवलं ते कुंपणच शेत खात होतं, आणि कुंपणाला तोंड नव्हतं.

चार महिन्यांनी एक खोकं परत आलं. त्यात एक्केचाळीस मोडके आर्म होते आणि सगळे भोकापाशी, रेघेवर मोडलेले. सोबत कागद होता, की तुमच्या आर्ममुळे गाड्यांची पुढची चाकं निखळतायत, पोरं रडत दुकानात परत येतायत, आणि दहा दिवसांनी आमची माणसं तुमच्याकडे चौकशीला येतील.

साहेब बदलले होते. सही करणारे केव्हाच गेले, हे त्यांच्यानंतरचे तिसरे. माणूस वाईट नव्हता, पण घाबरलेला होता. त्यांनी मावशीच्या टेबलावर ते एक्केचाळीस तुकडे ओतले.

"मावशी, हे सगळे तुमच्या टेबलावरून गेलेत."

"गेले असतील. मीच बघते सगळे."

"बघितले असते तर गेले असते का?"

"बघितलेत, साहेब. एकेक बघितलाय. नमुन्याशी ताडून."

साहेबांनी फळ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "नमुना भिंतीवर आहे, तो कुठे चाललाय? हे बघा, यात दोनच गोष्टी होऊ शकतात. एक तर तुम्ही बघितलं नाही, नाहीतर तुम्हाला दिसत नाही."

दुसऱ्या दिवशी मावशी अर्धा दिवस उशिरा आली. डोळे तपासून आली होती. डोळे ठणठणीत होते. तिने डॉक्टरांचा कागद साहेबांना दाखवला आणि दाखवल्यावर तिच्या लक्षात आलं, की आता दोनातली एकच गोष्ट उरली. साहेबांनी टाइप केलेला कागद पुढे केला. त्यावर लिहिलं होतं, की नग न बघता पास केले, ही माझी चूक आहे. खाली सहीची जागा रिकामी होती. सही केली तर तिला पॅकिंगला हलवणार होते, नोकरी राहणार होती. कंपनीच्या माणसांना दाखवायला एक कारण हवं होतं, एवढंच. खापर फोडायला डोकं हवं होतं.

"मी बघितलं नाही, असं मी लिहून देणार नाही," मावशी म्हणाली.

"मग हे कसं झालं, ते तुम्ही सांगा."

ते तिला सांगता येईना. येणार कसं? तिला ठाऊकच नव्हतं. ठाऊक होतं ते मला.

त्या दिवसापासून लोकांनी तिच्याशी बोलणं कमी केलं. मुद्दाम नाही, पण काय बोलावं हे कोणाला कळेना. कुजबूज मात्र झाली. जेवणाच्या सुट्टीत ती इतरांच्यात न जाता टेबलाशीच डबा उघडून बसू लागली, माझ्या खाली. घास हातात धरून बराच वेळ तशीच बसायची. मला आधी वाटायचं, की ती माझ्याजवळ येऊन बसावी. बसली, पण ती अशी. अकरा वर्षांत मला तिच्याबद्दल एवढं वाईट कधी वाटलं नव्हतं. तिचं दुसरं काही मोठं नव्हतं हो. तिचा नवरा सामानाची व्हॅन चालवायचा, मुलगी शाळेत होती, घर दोन खोल्यांचं. पण 'मावशीच्या हाताखालून गेलंय, मग बघायला नको', हे वाक्य कारखान्यात चालायचं. ते वाक्य तिचं होतं आणि ते तिच्याकडून काढून घेतलं जात होतं.

चौकशीची माणसं यायच्या आदल्या सकाळी साहेबांनी तिच्या जागी बसायला नवी बाई आणली. मावशीनेच तिला शिकवायचं होतं. ही बाई आधी शिवणकाम करायची, म्हणून मशीनवाल्याने तासाभरात तिचं नाव शिवणवाली ठेवून दिलं. आपल्या जागी येणाऱ्या बाईला शिकवायचं म्हणजे जिवावर येणारच. पण मावशीने खुर्ची ओढून तिला बसवलं, मला फळ्यावरून काढलं, पुसलं आणि तिच्यापुढे धरलं.

"हा नमुना. भोकाच्या मागे रेघ आहे. हिच्यापेक्षा जास्त रेघ असली की तो नग बाद. पहिल्यांदा कोणालाच दिसत नाही. थांब, दाखवते." तिचे अंगठे नेहमीच्या जागी आले.

"दिसली की," शिवणवाली म्हणाली.

"अगं, अजून वाकवलं कुठे?"

"न वाकवताच दिसतेय, मावशी. ही काय, इथून इथपर्यंत. उसवायला आलेली शिवण अशीच दिसते. ओढू नका हं तुम्ही, अजून उसवेल."

मावशीचे अंगठे जागच्या जागी थांबले.

मित्रांनो, तिने मला हजारो वेळा पाहिलं होतं. पण मापाकडे बघतात तसं, दुसरं काहीतरी मोजण्यासाठी. त्या सकाळी तिने पहिल्यांदा मला बघितलं. खिडकीशी नेलं. नख फिरवलं. नख अडकलं. तिने पुन्हा फिरवलं, पुन्हा अडकलं. मग तिने आपल्या दोन्ही अंगठ्यांकडे पाहिलं आणि ती खुर्चीवर बसली. शिवणवाली घाबरली. म्हणाली, "माझं काही चुकलं का?"

"तुझं नाही," मावशी म्हणाली.

मला मुठीत धरून ती साचेकाकांकडे गेली. फळ्यापासून एवढ्या लांब मी पहिल्यांदाच जात होतो. काकांनी कपाट धुंडाळलं. खालच्या कप्प्यात, तेलाच्या बाटल्यांमागे ते पाकीट सापडलं. काका म्हणाले, "हे साहेबांसमोर उघडू. मागून कोणी शंका नको."

साहेबांच्या टेबलावर पांढऱ्या कागदावर काकांनी पाकीट फोडलं आणि माझा भाऊ बाहेर आला. आम्ही शेजारी शेजारी पडलो. अकरा वर्षांनी. तो जन्मला त्या दिवशी जसा होता तसाच होता, काळाभोर, सरळ. त्याची रेघ शोधायला साहेबांना चष्मा पुसावा लागला. माझी रेघ हातभर लांबून दिसत होती. हा सूर्य, हा जयद्रथ. दुसऱ्या पुराव्याची गरज उरली नाही. मला मात्र वाईट वाटलं. भाऊ भेटला, तो मी किती बिघडलो हे दाखवायला.

साहेबांचा जीव भांड्यात पडला. "म्हणजे नमुनाच जुना झाला. प्लास्टिक आहे, काळाने बिघडणारच. मावशी, तुमच्यावर काही येत नाही मग. तो कागद मी फाडतो."

खरंच फाडला त्यांनी. मावशीने तेवढ्यावर उठून जायला काही हरकत नव्हती. तिचं नाव तिला परत मिळालं होतं. काका कान खाजवत खिडकीबाहेर बघत होते. बहुतेक त्यांना सगळं कळलं होतं आणि ते मूग गिळून बसले होते.

"जुना तर तोही झालाय, साहेब," मावशी म्हणाली. "दोघे एकाच दिवशीचे आहेत."

"मग?"

"याला मी वाकवायचे. नव्या माणसांना रेघ दिसावी म्हणून. अकरा वर्षं."

मग साहेब हळू आवाजात म्हणाले, "मावशी, हे सांगायलाच हवं का?"

"तुम्ही मला लिहून द्यायला सांगत होतात ना? द्या कागद."

तिने स्वतःच्या अक्षरात लिहिलं. 'मी प्रत्येक नग बघितला. नमुना माझ्या हातून बिघडत गेला आणि ते मला कळलं नाही.' खाली सही केली.

दुसऱ्या दिवशी कंपनीची दोन माणसं आली, एक म्हातारे गृहस्थ आणि एक बाई. दोघांनी तो कागद वाचला, आम्हा दोघा भावांना उजेडात धरून पाहिलं. बाईंनी विचारलं, "यांनी सांगितलं नसतं तर हे दुसऱ्या कोणाला कळलं असतं का?"

साचेकाका इतक्या वेळात पहिल्यांदा बोलले. "कळलं असतं. पण त्याने सांगितलं नसतं."

मावशी तपासणीच्या टेबलावरच राहिली. नळ्या साफ झाल्या, साचा पुन्हा गरम झाला. गोदामातली सगळी खोकी परत उघडली गेली आणि मावशीने आणि शिवणवालीने मिळून एकेक नग पुन्हा बघितला, या वेळी माझ्या भावाशी ताडून. तीन पिंपं बाद निघाली. पण त्याआधी जी खोकी फाटकाबाहेर गेली होती, ती गेलीच.

माझं काय करायचं, हे कोणी ठरवलं नव्हतं. मशीनवाला म्हणाला, "टाकू का चुऱ्यात?" मावशी म्हणाली, "नको. बाद कसा असतो, ते दाखवायलाही कोणीतरी लागतंच." तिने माझी चिठ्ठी बदलली आणि मला फळ्याच्या दुसऱ्या बाजूला लावलं. भावाला माझ्या जागी लावलं. आम्हा दोघांवर पारदर्शक झाकणं बसवली आणि खाली साहेबांनी पाटी लावली, 'नमुन्यांना हात लावू नये.' नव्या माणसांना आता मावशी लांबूनच दाखवते. म्हणते, "हा चांगला होता. माझ्या हाताने गेला." दर वर्षी एकदा काका मोठ्या भिंगाखाली भावाला तपासतात. मला कोणी तपासत नाही. आणखी काय बिघडणार?

भाऊ चार बोटांवर आहे, पण मधे दोन झाकणं आहेत. तो अकरा वर्षं पाकिटात होता, त्याला कोणाची सवय नाही. मला आहे, आणि तेच अवघड जातं. सकाळी मावशी झाकणांवरून फडकं फिरवते. फडकं माझ्यापासून नखभर अंतरावरून जातं. ज्या अंगठ्यांनी मला बिघडवलं त्यांच्यावर मला राग यायला हवा. तो येत नाही. त्यांची आठवण येते.

मित्रांनो, ज्या वस्तूवरून तुम्ही इतरांना जोखता, तिच्याकडेही अधूनमधून बघत जा. पट्टी असो, घड्याळ असो, नाहीतर माझ्यासारखा एखादा तुकडा असो. ती बोलून दाखवणार नाही. आणि एक विनंती आहे. जी खोकी परत आली नाहीत त्यांतल्या गाड्या अजून कुठे कुठे पळत असतील. तुमच्या गाडीचं पुढचं चाक एखाद्या दिवशी निखळलं तर मोडलेला आर्म उजेडात धरा. भोकाच्या मागे तुम्हाला रेघ दिसेल. ती बघून तुम्ही म्हणाल, की कारखान्यात कोणी बघतच नाही वाटतं. तसं म्हणू नका. त्याला पास मी केलं. माझ्यावर खुशाल रागवा. बाईने तो नग बघितला होता.